रेखा त्या सकाळी ओरडली होती

जवळ सरका, मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजीवर अजून जागा आहे. बायकांनो, भिंतीला टेकून कशाला उभ्या राहिलात? बसा. आनंदाभाऊ, तुम्ही खुर्ची नको म्हणालात, ठीक आहे. पण माझ्या समोर बसा. मला तुमच्याकडे बघून बोलायचं आहे.

मला सभेत बोलायची सवय नाही. मी मालती. तुम्ही मला नर्सताई म्हणता. उधन्याच्या एका प्रसूतिगृहात मी कामाला आहे आणि दर रविवारी इथे भेस्तानला, या बालवाडीच्या खोलीत, गरोदर बायकांचा वर्ग घेते. माझं सगळं आयुष्य हळू बोलण्यात गेलं. कळा येणाऱ्या बाईच्या कानाशी बसायचं आणि हळू बोलायचं, हाच माझा धंदा. आज मी हळू बोलणार नाही. आवाज चिरकला, मध्येच थांबले, तर सांभाळून घ्या. पण उठून जाऊ नका. आज कुणी उठून जाऊ नका.

आपण रेखासाठी जमलो आहोत. शेवटच्या खोलीतली रेखा. पारोळ्याकडची पोर. प्लेगात आपण सगळे गावाकडे पळालो होतो, परत आलो, आणि त्यानंतरच्या लग्नसराईत ती दिलीपची बायको होऊन या चाळीत आली. बारीक, सावळी, दात थोडे पुढे. हसली की तोंडावर पदर धरायची. आठवली?

तिच्या नवऱ्याने तिच्या अंगावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरकारी दवाखान्यात मेली. मी असंच बोलणार आहे. 'भाजली' म्हणणार नाही. 'स्टोव्हचा भडका उडाला' म्हणणार नाही. स्टोव्ह मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. थंड होता, टाकी शाबूत होती, आणि वर चहाचं भांडंसुद्धा नव्हतं.

रडा, संगीताबाई, रडा. मी थांबते.

बरं. आता पहिल्यापासून सांगते. कारण ती कशी होती हे माहीत नसेल, तर ती कशी मेली हे कळणार नाही.

आमच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरबाईंनी मला एक पद्धत शिकवली. त्या म्हणायच्या, मालती, बाळंतपणात निम्मं दुखणं भीतीचं असतं. भ्यायलेली बाई अंग आवळते. आवळलेल्या अंगात कळ दुप्पट लागते, मग ती अजून भिते. म्हणून आधीपासून अंग सैल सोडायला शिकवायचं. कपाळ, जबडा, खांदे, मांड्या. श्वास लांब सोडायचा. मग डोळे मिटून स्वतःच स्वतःला अशा जागी न्यायचं, जिथे मन टेकतं, आणि तिथे बसून स्वतःलाच एक वाक्य सांगत राहायचं. डॉक्टरबाई त्याला स्वसंमोहन म्हणायच्या. इथल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं 'ताईची झोप'.

झोप नव्हती ती. त्यात बाई जागी असते. कुणी हाक मारली तर ऐकते, तहान लागली तर पाणी मागते, नको वाटलं तर डोळे उघडते. हे लक्षात ठेवा. मला पुढे याचं काम पडणार आहे.

रेखा पहिल्यांदा वर्गाला आली तेव्हा तिचं पोट दिसायला लागलं होतं. मी कॅसेट लावली. डॉक्टरबाईंनी दिलेली, त्यात बासरी आणि समुद्राच्या लाटा. सगळ्या जणी डोळे मिटून पडल्या. आणि ही उठून बसली.

"ताई, हाई पिपाणी बंद करा ना. माले रडू येस."

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "मग तुला झोप कशाने लागते गं?"

म्हणाली, "कारखान्यानी."

म्हणजे काय, तर नवीन लग्न होऊन आली तेव्हा चाळीमागच्या कापडाच्या कारखान्यातल्या मागांच्या धडधडीने तिला झोपच यायची नाही. भिंत हलते असं वाटायचं. मग सवय झाली. मग असं झालं, की लाईट गेली आणि माग थांबले, की तिला जाग यायची. मी कॅसेट बंद केली. म्हटलं, ऐका. मागे माग चालू होते. धडक धडक, धडक धडक. ते कधी थांबत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, आजपासून हीच आपली बासरी. बायकांनो, तुमच्यातल्या कितीजणी त्या आवाजावर मोकळ्या झाल्यात! ही युक्ती डॉक्टरबाईंची नव्हे आणि माझीही नव्हे. ती रेखाची.

आणि वाक्य? मी प्रत्येकीला स्वतःचं वाक्य शोधायला सांगते. कुणी देवाचं नाव घेते, कुणी आईचं. रेखाने शोधलं, "येऊ दे, मी आठेच शे." येऊ दे, मी इथेच आहे. कळ आली तर येऊ दे. बाळ येतंय तर येऊ दे. मी इथेच आहे, कुठे पळाले नाही.

तिला कुशीवर निजवत होते, तेव्हा पाठीवरचा पदर सरकला. निळे वळ होते. मी विचारलं. म्हणाली, "भिंत लागनी." मी म्हटलं, रेखा, भिंतीला बोटं नसतात.

तिने पदर नीट केला आणि डोळे मिटून घेतले.

मग हळूहळू कळलं. दिलीप मारायचा. दारू पिऊन मारायचा, न पिता मारायचा. भाजीत मीठ कमी म्हणून, सासूने काही सांगितलं म्हणून, मागावर सूत सारखं तुटलं म्हणून. पोट पुढे आलेल्या बाईला केस धरून उंबऱ्यापर्यंत ओढायचा. हे मी तुम्हाला नव्याने सांगत नाही. या चाळीच्या भिंती एका विटेच्या आहेत. माझ्या आधी तुम्हाला माहीत होतं.

एका रविवारी वर्ग सुटला, बाकीच्या गेल्या. ही मागे थांबली. म्हणाली, ताई, तुमची झोप लई कामाची आहे. मी म्हटलं, कळा सुरू झाल्या का? अजून तर वेळ आहे. तर म्हणाली, कळा नाही हो. तो मारतो तेव्हा मी तेच करते. जबडा सैल सोडते. मागाचा आवाज धरते. मग दूरचं वाटतं. त्याचा हात दुसऱ्याच कुणाला लागतोय असं वाटतं.

मंडळी, मी तिचे खांदे धरून तिला हलवलं. म्हटलं, अगं, हे मी बाळ येण्यासाठी शिकवलं. मार खाण्यासाठी शिकवलेलं नाही! तो मारेल तेव्हा अंग सैल सोडायचं नाही. ओरडायचं. दार उघडून बाहेर पळायचं. चाळ गोळा करायची.

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "चाळ येईल?"

मी म्हटलं, येईल.

मी म्हटलं होतं, येईल.

मी दिलीपकडे गेले. त्याने मला खुर्ची दिली, आईला चहा टाकायला सांगितला. गोड बोलला. ताई, रागाच्या भरात होतं, पुन्हा नाही होणार. मी चहा प्यायले नाही. त्याला सांगितलं, पुन्हा हात उगारलास तर पोलिसात जाईन. तो हात जोडून दारापर्यंत सोडायला आला. आणि त्याच संध्याकाळी, नर्सताईकडे चुगली केली म्हणून, त्याने तिच्या पिंढऱ्यांवर पट्ट्याच्या बकलाने मारलं. पोट वाचवून मारलं. एवढी अक्कल होती त्याला.

मी तिला चौकीत चल म्हटलं. ती नाही म्हणाली. माहेरी जा म्हटलं. म्हणाली, बाळंत होते, मग जाते. असं पोट घेऊन एस.टी.त नको. मी आनंदाभाऊंना निरोप पाठवला. आनंदाभाऊ, तिचे मोठे भाऊ, हे समोर बसलेत. ते आले. ठरलं, की बाळंतपण इथेच करायचं आणि सव्वा महिना झाला की बहिणीला आणि बाळाला घेऊन जायचं. कायमचं. हे आम्हा तिघांतच होतं.

तिचं बाळंतपण कसं झालं, ते सांगू द्या मला. आजच्या दिवशी एवढं एक चांगलं सांगू द्या.

ती सकाळी रिक्षातून आली, स्वतःच्या पायाने पायऱ्या चढली. आमच्या खोलीत मागांचा आवाज कुठला? रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न फक्त. ती म्हणाली, ताई, कारखाना सुरू करा. मी खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटांनी ठेका धरला. धडक धडक. ती हसली आणि डोळे मिटले. मी खूप बाळंतपणं पाहिली आहेत. बायकांना खाटेला बोचकारताना पाहिलंय, स्वतःचा हात चावताना पाहिलंय. 'मजा मारताना बरं वाटलं, आता गप्प बस' असं म्हणून मांडीवर थापड मारणाऱ्या दवाखान्यातल्या आयाही पाहिल्यात, दुसरीकडे नोकरीला होते तेव्हा. रेखाच्या खोलीत त्या दिवशी कुणाचा आवाज चढला नाही. कळ यायची, तिचे ओठ हलायचे, येऊ दे, मी आठेच शे. कळ जायची, ती डोळे उघडायची. एकदा मला म्हणाली, "ताई, तुम्ही जेवलात का?"

दुपारी मुलगी झाली. रेखाचा जबडा शेवटपर्यंत सैल होता. बाळ रडलं तेव्हा ही हसत होती, आणि पहिल्यांदाच तोंडावर पदर न धरता हसली. धरायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत पोर होती.

मी बाहेर आले. बाकावर दिलीपची आई बसली होती. मी म्हटलं, मुलगी झाली, दोघी छान आहेत. ती म्हणाली, "झाली? कधी? आवाज तर आलाच नाही."

मी म्हटलं, ती ओरडली नाही.

त्यावर ती म्हणाली, "अशी कशी बाई? बाळंत होताना ओरडली नाही, तिच्या अंगात काय आहे?"

तिथून सुरू झालं, मंडळी. चाळीत बोलणं फिरलं. तिच्या अंगात काहीतरी आहे. नर्सताईने काहीतरी घातलंय. तुमच्यातल्याही काहीजणी बोलल्या. मी नावं घेत नाही. गंमत म्हणून बोलला असाल. पण दिलीपने ते गंमत म्हणून घेतलं नाही. त्याच्या डोक्यात किडा शिरला. हिला दुखतच नाही. म्हणजे आपण मारतो तेव्हाही हिला काही होत नाही. म्हणजे ही मनात आपल्याला हसते.

ओल्या बाळंतिणीला तो मारायला लागला, तो आवाज काढण्यासाठी. कारखान्यातून तुटलेला धोटा आणला होता त्याने. मागावरचा लाकडी धोटा, टोकाला लोखंड असतं. ते टोक तो तिच्या दंडात रुतवायचा आणि विचारायचा, आता? आता दुखतं? ओरड ना. ओरडत का नाहीस?

मी बाळाला लस टोचायला आले होते, तेव्हा तिने मला दंड दाखवला. एकावर एक काळे डाग. मी म्हटलं, रेखा, ओरड गं बाई. त्याला आवाज हवाय, देऊन टाक. सुटशील तरी.

ती बाळाला पाजत होती. म्हणाली, पोर उठते ताई. आणि मग म्हणाली, "तो आवाज मना शे. त्याले देवाव नही."

तो आवाज माझा आहे. त्याला देणार नाही. त्या घरात ताटवाटीसुद्धा तिची नव्हती. लुगडी सासूच्या पेटीत होती. लग्नातला आहेर कुठे गेला, तिला माहीत नव्हतं. एवढी एकच गोष्ट तिची उरली होती आणि ती तिने धरून ठेवली होती.

सव्वा महिना होत आला. आनंदाभाऊंचा निरोप आला, रविवारी येतो. रेखाने बाळाची दुपटी धुऊन, घडी करून एका पिशवीत भरून ठेवली. पिशवी दिलीपच्या हाताला लागली.

ती सकाळ आता तुम्हीच मला सांगायला हवी. पण मी सांगते. दिलीप रात्रपाळी करून घरी आला होता. बाळ हिरामावशीकडे होतं. मावशी रोज सकाळी त्याला तेल लावून अंघोळ घालते, शेजारच्या खोलीत. या बसल्यात हिरामावशी. मावशी, हात जोडते तुम्हाला. त्या दिवशी बाळ तुमच्या पायांवर होतं म्हणून वाचलं. दिलीपची आई दूध आणायला गेली होती. दार आतून लावलेलं होतं. पिशवी उपडी केलेली होती. आणि तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. भिंतीपलीकडे गेलं एवढ्या मोठ्याने म्हणाला.

"आता बघतो, कशी ओरडत नाहीस ते."

आणि रेखा ओरडली.

मंडळी, रेखा त्या सकाळी ओरडली होती. मी तिला ओरड ओरड म्हणत होते, ती ओरडली. तिने नवऱ्याचं नाव घेतलं. तिने 'वाचवा' म्हटलं. मराठीत म्हटलं, हिंदीत म्हटलं, म्हणजे या चाळीतल्या प्रत्येकाला कळावं. ती दाराला धडका देत होती. केस पेटले होते. कडी काढायला बोटं वळत नव्हती.

चाळ आली?

हिरामावशी आली. तिला नीट ऐकू येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तिला रेखाची किंकाळीसुद्धा पुरती ऐकू आली नाही. फटीतून उजेड दिसला आणि धूर दिसला, म्हणून आली. म्हातारीने पाट्याचा वरवंटा घालून दाराची फळी फोडली, गोधडी भिजवून पोरीला गुंडाळलं. स्वतःचे हात भाजून घेतले. दाखवू नका मावशी, राहू द्या. सगळ्यांनी पाहिलेत. दिलीप मागच्या खिडकीच्या पत्र्यावरून उतरून गेला होता. पोलिसांनी त्याला चलथाणला नातेवाइकाकडे पकडला.

ज्याला ऐकू येत नाही ते माणूस आलं. ज्यांना ऐकू येतं ते आत राहिले. मी राग राग करते असं म्हणा. करते.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. तोंडाचा एवढासा भाग नीट होता, डोळे नीट होते. बाकी मी सांगत नाही, भाऊ समोर बसलाय. एकच सांगते, कारण ते माझ्याने एकटीने सांभाळवत नाही. तिचं दूध भरून आलं होतं. बाळाच्या पाजण्याची वेळ झाली होती ना. दूध भरून आलं होतं आणि बाळाला लावायला कातडी उरली नव्हती.

सिस्टर सुई घेऊन आली, गुंगीची. रेखा म्हणाली, थांबा. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, सुई दिल्यावर कोणी म्हणेल ना, ही शुद्धीत नव्हती?" मी म्हटलं, म्हणतील. ती म्हणाली, मग आधी जबाब घेणाऱ्या साहेबाला बोलवा. मी तोवर थांबते.

ती थांबली. साहेब यायला वेळ लागला. पंख्याचा वारा अंगाला लागला तरी माणूस किंचाळेल, अशा अंगाने ती थांबली. मी कानाशी बसले. खाटेच्या दांड्यावर बोटांनी ठेका धरला. तिचा जबडा सैल झाला. ओठ हलत होते. आवाज फुटत नव्हता, पण मला वाक्य माहीत होतं.

मामलतदार साहेब आले. आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मला, आनंदाभाऊंना, सगळ्यांना. डॉक्टर आत. डॉक्टरांनी विचारलं, "बेन, बोली शकशो?" बोलता येईल का? तिने हो म्हटलं. नाव विचारलं, गाव विचारलं, दिवस कोणता ते विचारलं. तिने सगळं बरोबर सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, काय झालं? आम्ही दाराबाहेर उभे होतो. तिने अहिराणी सोडली, मराठी सोडली. हिंदीत बोलली, सावकाश, एकेक शब्द सुटा. "मेरे आदमी ने मेरे ऊपर घासलेट डाला. माचिस लगायी. वो बोला, अब देखता हूँ कैसे नहीं चिल्लाती. मैं होश में हूँ. मैं सच बोलती हूँ."

आणि मग म्हणाली, "अब सुई दे दो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटचं विचारलं ते हे, की बाळाने वरचं दूध घेतलं का? मी सांगितलं, घेतलं. खरंच घेतलं होतं. तिने मान हलवली.

आता मुद्द्यावर येते. आनंदाभाऊंनी मला विचारलं होतं, ताई, शोकसभेत हे बोलावं का? मी म्हटलं, इथे नाही तर कुठे?

दिलीपचा वकील म्हणतोय, हा जबाब खोटा. नर्सबाई संमोहन करणारी. तिने पोरीला गुंगीत घालून पाहिजे ते वदवून घेतलं. हे चाळीतही बोललं जातंय, माझ्या कानावर आलंय.

मग ऐका. मला जर रेखाकडून पाहिजे ते करून घेता आलं असतं, तर मी काय करून घेतलं असतं? मी तिला चौकीत चल म्हटलं. ती आली? मी तिला माहेरी जा म्हटलं. ती गेली? मी तिला ओरड म्हटलं, पाया पडून म्हटलं. तिने ऐकलं? माझ्या अंगात तशी विद्या असती, तर रेखा आज पारोळ्याला भावाच्या ओट्यावर बाळाला ऊन दाखवत बसली असती! मी तिला काहीही करायला लावू शकले नाही. ती तिच्या मनाची होती. बाळंत झाली तिच्या मनाने, गप्प राहिली तिच्या मनाने, आणि बोलली तीही तिच्या मनाने.

आणखी एक मला विचारतात. बायकाच विचारतात, दबक्या आवाजात. ताई, तुम्ही तिला शांत राहायला शिकवलं नसतं तर? ती पहिल्यापासून ओरडली असती तर? मी रात्रंदिवस हाच विचार केला आहे. आणि माझं उत्तर सांगते. याच चाळीत तिच्याआधी दुसऱ्या बायका ओरडल्या नाहीत का? त्यांचे नवरे थांबले का? शांत बाई मेली म्हणून तिच्या शांतपणाला फाशी देऊ नका. काडी कुणाच्या हातात होती, तेवढं बघा. माझा वर्ग बंद होणार नाही. ज्यांच्या सासवांनी येऊ नको सांगितलंय, त्यांच्यासाठी दार उघडं ठेवणार आहे.

आता शेवटचं.

एकटा जबाब कोर्टात किती टिकेल, मला कळत नाही. साक्षीदार हवेत, असं फौजदार म्हणाले. हिरामावशीने जबाब दिलाय. पण वकील तिला विचारणार, म्हातारे, तुला ऐकू येतं का? तिने आग पाहिली, ते वाक्य नाही ऐकलं. ते वाक्य पलीकडच्या खोल्यांनी ऐकलं. त्या दुपारी, दवाखान्याच्या आवारात, तुमच्यातल्या दोघांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मला ते वाक्य सांगितलं. शब्द न् शब्द तोच. तेव्हा मी आत जायची होते आणि रेखाचा जबाबही व्हायचा होता. आणि आता पोलीस विचारायला आले, तर तुम्ही म्हणालात आम्ही बाहेर होतो, मागांचा आवाज होता, काही ऐकलं नाही.

मला कारण माहीत आहे. दिलीपचा मामा कारखान्यात मुकादम आहे. उद्या कामावर घेणार नाही ही भीती आहे. पोरंबाळं आहेत. मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. भीती काय असते, ती अंग कसं आवळते, हे या चाळीत माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तरी सांगते. तो जामिनावर सुटेल. याच चाळीत येईल. याच नळावर पाणी भरेल. पुन्हा लग्न करील, त्याचे मामा पोरगी बघूनसुद्धा ठेवतील. ती पोरगी तुमच्या भिंतीपलीकडे येऊन राहील. तेव्हा काय ऐकाल?

बाळाला आनंदाभाऊ उद्या घेऊन जातायत. त्याआधी मी आत्ता चौकीत जाणार आहे. फौजदार संध्याकाळपर्यंत आहेत, मी विचारून ठेवलंय. चौकी लांब नाही. मी तुमच्यापैकी कुणाचं नाव घेणार नाही, कुणाचा हात धरून ओढणार नाही. हिरामावशी येतायत माझ्याबरोबर. आनंदाभाऊ येतायत. वर्गातल्या चौघीपाचजणी येतो म्हणाल्यात.

उठा. सगळे उभे राहा. बाळाला जरा दारातल्या उन्हातून आत घ्या, कुणीतरी.

रेखा, बाई, तू वयाने माझ्या लेकीएवढी. तरी तुझ्या पाया पडते.

आता थोडा वेळ सगळ्यांनी गप्प राहू या. डोळे मिटा. तिला आठवा, हसताना आठवा. मी 'झालं' म्हणेन, तेव्हा डोळे उघडा. आणि मग खाली बसू नका. ज्यांनी ऐकलंय, त्यांनी माझ्यामागून चालायला लागा.